फोटोखालचे नाव

फोंडा महालातल्या एका जुन्या घरात, ओसरी ओलांडून आत गेले की चौकासमोरच्या भिंतीवर एक फोटो लावलेला असायचा. डोक्याला फेटा, अंगात जरीकाठाचा अंगरखा, कमरेला तलवार. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसरा शेजारच्या कोरीव तिवईवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि एक तळे. मिशी बारीक, कोरलेली. लहानपणी मी त्या घरी जायचो तेव्हा हे घरातले आजोबा, घाटावर कुणा संस्थानिकाच्या पदरी होते, असे कुणीतरी सांगितल्याचे आठवते. मला ते पटलेही होते. चेहऱ्यावर तेवढा रुबाब होताच.

पुढे कैक वर्षांनी एका पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली आणि फोटो खाली उतरवला. मी तेव्हा तिथेच होतो. काच पुसायला म्हणून हातात घेतला आणि पहिल्यांदाच तो जवळून पाहिला. मिशीचे डावे टोक जरासे फिसकटलेले होते, काजळ पुसले जावे तसे. आणि डाव्या नाकपुडीवर एक बारीक काळे टिंब. आधी वाटले वाळवीने कोरले असेल. पण वाळवी इतकी नेमकी जागा निवडत नाही.

मी मावशींकडे पाहिले. (त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो.) त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजो न्हय रे बाबा तो. ती आमची आजी!"

आजी एका स्त्री नाटक मंडळीत राजापार्टी होती. म्हणजे नायकाची कामे करायची. मंडळी मोडली, ती गावी परतली, मुले-नातवंडे झाली, पुढची पिढी शिकून नोकऱ्यांना लागली. मग घरात सोयरिकी जुळवायला लोक येऊ लागले तेव्हा आजीचे साडीतले, तानपुऱ्यासोबतचे दोन फोटो ट्रंकेत गेले आणि मिशीवाला तेवढा भिंतीवर राहिला. त्याला कुणाची हरकत नव्हती. ज्या घरात कुणाही आजोबांचा फोटो नव्हता, त्या घराला आयते एक आजोबा मिळाले!

मी त्या दिवशी हसलो खरा, पण घरी येताना हसू राहिले नव्हते. तेव्हापासून जुने फोटो पाहताना मला एक खोड लागली आहे. मी आधी चित्र पाहत नाही, खाली काय लिहिले आहे ते पाहतो.

आपल्याकडे कॅमेरा आणि आधुनिक नाटक ही दोन्ही साधारण एकाच वेळी मुंबईत उतरली. विष्णुदास भावे सांगलीहून आपली नाटके घेऊन १८५३ साली मुंबईत आले. पुढच्याच वर्षी, १८५४ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आणि या दोन्ही गोष्टींशी पेडणे महालातल्या मांद्र्याच्या दोन भावांचा संबंध आहे, हे आम्हा गोवेकरांना नेहमी थोडे मिरवावेसे वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मुंबईत नाटकांना आश्रय दिला, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. एका घरात रंगभूमीचा कैवारी आणि कॅमेऱ्याचा जाणकार!

पण त्या रंगभूमीवर बाई नव्हती. सीता, द्रौपदी, शकुंतला सगळ्या पुरुषच. आणि कॅमेऱ्यासमोर घरंदाज बाई बसणे म्हणजे परपुरुषाने तिच्याकडे एकटक पाहणे, तेही परवानगीने. ही अडचण किती खरी होती याचे एक उदाहरण हैदराबादचे आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२मध्ये तिथे खास जनान्यासाठी स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमले, मिसेस केनी-लेव्हिक. उंच भिंतींच्या आड, फोटो काढणारीही बाई आणि काढून घेणारीही बाई. ते फोटो घरच्यांपलीकडे कुणी पाहायचे नसत.

मग परपुरुषासमोर बसायला आणि परक्यांनी पाहायला उरले कोण? ज्यांचे आयुष्यच लोकांच्या नजरेसमोर होते त्या. गाणाऱ्या, नाचणाऱ्या. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले हिंदी स्त्रियांचे फोटो पाहायला घेतले की कलावंतिणी, नायकिणी, तवायफा पुन्हा पुन्हा समोर येतात. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले, चारशेहून अधिक फोटोंचे. माणसांची जात, धंदा, स्वभाव सगळे त्यात सांगून टाकलेले. १८५७चे बंड नुकते होऊन गेले होते, राज्य कुणावर करायचे आहे याची यादी हवी होती. असल्या यादीत माणूस स्वतःसाठी येत नाही, नमुना म्हणून येतो. फुलपाखरे टाचणीने टोचून खाली जातीचे नाव लिहितात ना, तसे.

माझ्याकडे असे एक 'फुलपाखरू' आहे. पणजीला जुन्या वस्तू विकणाऱ्या एका गृहस्थाकडून घेतलेले पोस्टकार्ड. एक बाई उभी आहे, वीस-बावीसची असेल. नऊवारी, अंगभर दागिने, केसांत फुलांची वेणी, एक हात कमरेवर, दुसरा डोक्याच्या वर उचललेला. मागे दोन साजिंदे बसले आहेत, सारंगीवाला आणि तबलजी. खाली छापील अक्षरांत एकच शब्द: 'बायलादेइरा'. नाचणारी. पाठीमागे पोर्तुगीजमध्ये लिस्बनला कुणाला तरी लिहिलेली खुशाली, इथल्या उन्हाळ्याबद्दलची तक्रार. ज्या बाईचे चित्र पाठवतो आहोत तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

हा शब्द मोठा प्रवासी आहे. पोर्तुगीजांचा 'बायलादेइरा' फ्रेंचांच्या तोंडी 'बायादेर' झाला आणि युरोपभर फिरला. ग्योथेने १७९७ साली देव आणि बायादेर यांच्यावर कविता लिहिली. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला पेतिपाचा 'ला बायादेर' हा बॅले रंगमंचावर आला आणि तो आजही जगभर होतो. शब्द गोव्याच्या बंदरातून गेला, देवळे आणि नर्तकी मात्र कल्पनेतल्या. खऱ्या नर्तकी पॅरिसला पोचल्या त्या १८३८मध्ये, पाँडिचेरीजवळच्या देवळातल्या. त्यांच्यातल्या अठरा वर्षांच्या अमनीने पॅरिसला वेड लावले. ज्याँ-ऑगस्त बार या शिल्पकाराने तिची छोटी मूर्ती घडवली आणि तिला नावही तिचेच दिले, अमनी. फोटोचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९मध्ये, त्यामुळे तिचा फोटो एका वर्षाने हुकला!

अमनीला नाव का मिळाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, कारण तिथे तिकिटे लावून तिचा खेळ होता. अमनीला पाहायला या, असे सांगावे लागत होते. माझ्या पोस्टकार्डावरच्या बाईला पाहायला कुणी येणार नव्हते. तिचे चित्र विकायचे होते, आणि त्या चित्रासाठी ती कुणीही असली तरी चालण्यासारखे होते.

या फोटोंबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांत नाच नसतो. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काही सेकंद दगडासारखे उभे राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. नाचणारीने नाचाची मुद्रा धरायची आणि श्वास रोखून थांबायचे. पुढे १८८०नंतर कोरड्या काचा आल्या, वेळ कमी झाला, तरी सवय तीच राहिली. शिवाय त्या काचांना लाल रंग दिसतच नसे. लालभडक कुंकू फोटोत काळे उमटे, लाल शालू काळा, सोने काळपट, गव्हाळ कांतीसुद्धा सावळी. म्हणून स्टुडिओवाले मागाहून कुंचल्याने दागिन्यांवर सोनेरी ठिपके देत, कधी ओठ रंगवत. नाच थिजलेला, रंग उलटे, नाव गायब. आणि असे फोटो पाहून लोक म्हणतात, 'काय तो जमाना होता!'

चित्रकलेत काही वेगळे घडले का? राजा रविवर्म्याकडे पाहू.

रविवर्म्याने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला दहा चित्रे पाठवली. हिंदुस्थानातल्या ठिकठिकाणच्या स्त्रिया हा त्यांचा विषय. त्यातले एक चित्र गाणाऱ्या बाईचे होते. शीर्षक काय, तर 'मुंबईची गायिका'. बस्स. चित्रांना पारितोषिक मिळाले, पण परीक्षकांनी जे कौतुक केले ते मानववंशशास्त्राच्या दृष्टीने ही चित्रे मोलाची आहेत, असे. म्हणजे पुन्हा नमुना! रविवर्म्यासारखा चित्रकार असूनही.

त्याच रविवर्म्यासमोर आमच्या मालप्याची अंजनीबाई बसली. अंजनीबाई मालपेकर. जन्म १८८३चा. मालपे पेडणे महालातच, मांद्र्याच्या त्या दोन भावांच्याच मुलखातले. भेंडीबाजारच्या नझीर खाँसाहेबांकडे लहानपणापासून तालीम घेतलेली, सोळाव्या वर्षी मुंबईत पहिली मैफल. १९००च्या पुढच्या दोन-तीन वर्षांत रविवर्म्याच्या काही चित्रांना त्यांचा चेहरा लाभला. चांदण्यातली स्त्री, स्वरबत वाजवणारी स्त्री, झोक्यावरची मोहिनी. चित्रे प्रसिद्ध आहेत. शीर्षकांत अंजनीबाई कुठेच नाहीत.

रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला होता, पुढे तो मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या देवघरांत जाऊन बसल्या. या देवींसाठी कोण बसले होते याची चर्चा त्या काळीही कुजबुजीत चाले आणि त्या कुजबुजीत गोव्याच्या बायकांची नावे असत. म्हणजे बघा, देवघरात चेहरा चालतो, त्याला हळदकुंकू वाहिले जाते. मात्र तोच चेहरा ओसरीवर आला की घरातली माणसे अस्वस्थ होतात. (हे मी रविवर्म्याला दोष द्यायला म्हणत नाही. त्याने जे पाहिले ते मनापासून पाहिले, असे मला त्याची चित्रे पाहताना वाटते.)

अंजनीबाईंना त्या रूपाची किंमत मोजावी लागली. मैफलीत गाणे ऐकण्यापेक्षा रूपाकडे लक्ष असलेल्या श्रीमंत रसिकांच्या उपद्रवाला कंटाळून त्यांनी १९२३ साली जाहीर गाणे सोडले. तेव्हा त्या अवघ्या चाळीस वर्षांच्या. गायिकेचे चाळिसावे वर्ष म्हणजे आवाज आणि विचार एकत्र यायची वेळ. त्यानंतर त्यांनी शिकवले. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर अशी माणसे त्यांच्याकडून घेऊन गेली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. १९७४ साली त्या गेल्या. आज नेटवर त्यांचे नाव शोधले की निम्म्या ठिकाणी पहिले वाक्य असते, 'रविवर्म्याची मॉडेल'. मला याचा राग येतो. चित्र दोन-तीन वर्षांचे, गाणे साठ-सत्तर वर्षांचे.

नाव मिळाले ते यंत्रामुळे. पण कॅमेऱ्यामुळे नव्हे.

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानातली पहिली ध्वनिमुद्रणे केली. पहिल्या काही दिवसांतच गौहरजान समोर उभी राहिली. मेणाच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगाराला हे कुणाचे गाणे हे कळावे आणि लेबल चुकू नये म्हणून गाणाऱ्याने शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगायचे अशी रीत पडली. तीन मिनिटांचे गाणे संपते आणि गौहरजान ठणकावून सांगते, मी गौहरजान! ही सगळी कारखान्याची सोय होती. पण मी जेव्हा जेव्हा ते ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो. पन्नास वर्षे कॅमेऱ्यासमोर मुकाट उभी असलेली बाई इथे स्वतःच्या तोंडाने स्वतःचे नाव सांगते आहे.

चेहरा नावाशिवाय विकता येतो, गळा येत नाही. दुकानात जाऊन 'एक नाचणारी द्या' असे पोस्टकार्ड मागता येईल, पण रेकॉर्ड मागताना नाव घ्यावेच लागते. मग कंपन्यांनी कॅटलॉग छापले, कॅटलॉगात फोटो आले आणि फोटोखाली नावे आली. आता फोटो काढायला गायिका स्वतः स्टुडिओत जाऊ लागल्या. काय नेसायचे, कसे बसायचे हे त्या ठरवू लागल्या. गौहरजान ध्वनिमुद्रणाला दर वेळी नवा पोशाख करून येई आणि तेच दागिने पुन्हा घालत नसे, असे गैसबर्गने आठवणींत लिहिले आहे. तिचे फोटो पोस्टकार्डांवर, काड्यापेट्यांवर झळकले. खुर्चीत बसून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी गौहरजान आणि माझ्या पोस्टकार्डावरची बायलादेइरा शेजारी ठेवून पाहा. पहिली तुमच्याकडे पाहते. दुसरी कुठेच पाहत नाही.

आमच्या गोव्याच्या गायिकांनी नावाच्या बाबतीत एक छान गोष्ट केली, मुद्दाम केली की नाही देव जाणे. गावच नावाला लावले. मालपेकर, केरकर, कुर्डीकर. बापाचे किंवा नवऱ्याचे आडनाव मागणाऱ्या समाजाला त्यांनी गावाचे आडनाव दिले. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती वर येतात. पण नावात गाव कायमचे राहिले. आणि केरीच्या केसरबाईंची भैरवी तर १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर गेली.

आता मराठी रंगभूमीकडे येतो, कारण मावशींच्या आजीचा फोटो तिथला आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात कोणत्या 'स्त्री'चे फोटो सर्वाधिक घरांत गेले असतील? माझ्या मते बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. पदर कसा घ्यायचा, गजरा कुठे माळायचा हे चांगल्या घरच्या बायका त्यांच्याकडे बघून शिकल्या. त्या फोटोंखाली एक नव्हे, दोन नावे असत, नटाचे आणि भूमिकेचे. बालगंधर्व आणि रुक्मिणी. पुरुषाने बाई केली की दोन नावे, खरी बाई उभी राहिली की एकही नाही. दिवाणखान्यात बालगंधर्वांची रुक्मिणी फ्रेम करून लावणारा गृहस्थ त्याच भिंतीवर खऱ्या गायिकेचा फोटो लावता ना. बालगंधर्वांच्या कलेबद्दल मला शंका नाही. ते गाणे ऐकून मीही डोळे पुसले आहेत. पण त्या कौतुकाची सावली कुणावर पडत होती हेही पाहायला हवे.

सिनेमातही सुरुवात तशीच. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. पडद्यावर काम करायला बाई मिळेना म्हणून. साळुंक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही केले, म्हणजे हरणही त्यांचेच आणि विरहही त्यांचाच! मात्र १९१३मध्येच, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, उभ्या राहिल्या. आई पार्वती, लेक मोहिनी. मायलेकी नाटकाबरोबर गावोगाव फिरलेल्या होत्या. कमलाबाई १९९०च्या दशकापर्यंत होत्या. त्यांच्यावर १९९२ साली रीना मोहन यांनी केलेला माहितीपट मिळाला तर जरूर पाहा.

आणि एक गंमत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बालगंधर्वांच्या नाटकांत नायिकेच्या कामाला गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या गात बालगंधर्वांसारख्या, इतक्या की कान फसावा. म्हणजे बाईचे सोंग घेणाऱ्या पुरुषासारखे गाणारी बाई. तिच्यावर लोकांनी काय काय तोंडसुख घेतले ते इथे उगाळत नाही.

पुरुष बायका होत होते तेव्हा दुसऱ्या बाजूला बायका पुरुष होत होत्या, हे मात्र आपण चटकन विसरलो. स्त्री नाटक मंडळ्या होत्या. नायक, खलनायक, राजा, शिपाई सगळ्या बायकाच. मोगूबाई लहानपणी चंद्रेश्वर भूतनाथ मंडळीत आणि नंतर सातारकर स्त्री संगीत मंडळीत होत्या. 'सौभद्र'मधली सुभद्रा, 'पुण्यप्रभाव'मधली किंकिणी ही त्यांची कामे. सुभद्रेसमोर अर्जुनही बाईच असणार ना! बालगंधर्वांच्या पदरावर जितकी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही या बायकांच्या मिशांवर झाली नाही.

मिश्र नाटकांचा रस्ता मोकळा झाला तो हळूहळू. हिराबाई बडोदेकरांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस भावंडांना घेऊन नाटके केली. १ जुलै १९३३ला नाट्यमन्वंतरचे 'आंधळ्यांची शाळा' आले आणि त्यात आमच्या बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे होत्या. १९४२ला 'कुलवधू'. त्या फोटोंत ज्योत्स्नाबाई साध्या साडीत, मोकळ्या चेहऱ्याने उभ्या आहेत आणि खाली नाव आहे. अंजनीबाईंच्या पहिल्या मैफलीपासून इथवर यायला चौतीस वर्षे लागली.

गोमंतक मराठा समाजाची चळवळ १९२०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात आणि मुंबईत उभी राहिली. मुली शिकल्या, लग्ने झाली. ते व्हायलाच हवे होते आणि ज्यांनी केले त्यांचे उपकार आहेत. पण मी पाहिलेल्या दोन-तीन घरांत त्याच सुमारास भिंतीवरून आजीचे फोटो उतरले. ज्यांनी गाऊन घर बांधले, त्यांनाच घराच्या भिंतीवर जागा उरली नाही. मी बाहेरचा माणूस, मला त्यावर बोलायचा किती अधिकार आहे कुणास ठाऊक. सोयरीक मोडण्याची भीती मला कधी बाळगावी लागली नाही.

तो फोटो मावशींनी माझ्याबरोबर फोंड्याला फ्रेमवाल्याकडे पाठवला. ट्रंकेतले दोन साडीतलेही दिले. तिन्ही एकाच फ्रेमीत बसवून आण म्हणाल्या, मिशीवाला मधोमध. फ्रेमवाल्याने मापे घेतली, लाकूड दाखवले आणि विचारले, खाली पट्टीवर काय लिहू? मी दुकानातूनच मावशींना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी आजीचे नाव सांगितले, पुढे गावाचे नाव, आणि दोन्ही मला परत म्हणून दाखवायला लावली. ऱ्हस्व-दीर्घासकट!

फ्रेम आता त्याच जागी आहे, ओल आलेली भिंत दुरुस्त करून. मी हे लिहिणार आहे असे सांगायला गेलो तेव्हा मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नांव घरांत आसूं दी. तुज्या लेखांत घालूं नाका." का, ते मी विचारले नाही. चहा झाल्यावर त्यांनी सुपातले खडे अंगणात टाकले आणि मला फ्रेमीवरची धूळ पुसून जायला सांगितले.